महादेवाचं पाणी खांद्यावर असताना

त्या श्रावणात मला पहिल्यांदा वाटलं, की महादेव आपल्यावर रुसला. कावडीचा सोमवार तोंडावर आला आणि परसाकडे गेलो की पुन्हा रक्त पडू लागलं. पोटात पीळ पडायचा, जाऊन आलो तरी पुन्हा जावंसं वाटायचं. ही खूण मला ओळखीची होती. चार-पाच वर्षांमागं याच दुखण्यानं मला खाटेवर पाडलं होतं. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, आजोबा, तुमच्या आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत. हे दुखणं दबतं, पण जात नाही. सूज उतरवायची गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी घ्यायची. मी घेतली आणि बरा झालो. इतका बरा झालो, की मिरचीचा ठेचा सोडला तर आपल्याला काही दुखणं आहे हेच विसरलो.

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. पण कापसाच्या शेतीत जन्म गेला, म्हणून औषधाचं आपल्याला कळतं असा माझा गर्व होता. कोणत्या किडीला कोणता फवारा, हे मी कोणाला विचारत नसे. मुलाकडे अमरावतीला राहायला आलो तरी तो ताठा गेला नाही. श्रावणाच्या आधी गुडघे सुजले, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी आपल्याजवळच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, सुजीवर रामबाण आहेत. घेतल्या, आणि खरंच उतार पडला. मग मी आपला हिशोब मांडला. हीही सुजीची गोळी, तीही सुजीची गोळी. एका फवाऱ्यात दोन किडी मरत असतील तर दोन फवारे कशाला? त्यातून श्रावणाचा उपास, पोटात जितकं कमी जाईल तितकं बरं. आतड्याची गोळी मी बंद केली आणि गुडघ्याची चालू ठेवली. म्हातारीला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंना तर नाहीच नाही.

रक्त दिसलं तेव्हा खरं म्हणजे तिथंच उमजायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, गोळी कमी पडते, एक वाढवावी. एक वाढवली. रक्तही वाढलं.

आमचं मूळ गाव अकोल्याच्या बाजूला. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पूर्णा नदीचं पाणी कावडीनं अकोल्याला नेऊन राजेश्वराच्या पिंडीवर घालायचं, हे आमच्या घरात आज्यापासून चालत आलेलं. मोठमोठ्या पालख्या वाजत-गाजत आधीच निघतात. आमच्या गावची पाच-दहा माणसं मागून, उजाडल्यावर, शांतपणे जातात. बांबूच्या दोन टोकांना दोन घडे, अनवाणी पाय. माझ्या बापानं मला कावड दिली तेव्हा तीन गोष्टी बजावल्या होत्या. पाणी भुईला टेकवायचं नाही. कोणाला शिवी द्यायची नाही. आणि खांद्यावर महादेवाचं पाणी आहे तोवर खोटं बोलायचं नाही. मी जन्मभर शिव्या पुष्कळ दिल्या, पण त्या वाटेवर कधी नाही.

आदल्या दिवशी मी अमरावतीहून निघालो तेव्हा म्हातारी म्हणाली होती, “तोंड पाहा आरशात, हळद फासल्यावानी झालं. राहू द्या यंदा.”

मी म्हटलं, “उपासाचं तेज हाय ते.”

“तेज असं पिवळं नसते,” ती म्हणाली आणि आत वळली. माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही हे तिला लग्नापासून माहीत.

नदीवर गेलो, फोन काठावर काढून ठेवला, सदऱ्यासकट डुबकी मारली आणि वर आलो तेव्हा लक्षात आलं, की गोळ्यांची पुडी सदऱ्याच्या खिशातच राहिली. शेजाऱ्यांनी सुट्या गोळ्या कागदात बांधून दिल्या होत्या. त्यांचा लगदा झाला होता. मी तो पूर्णेत सोडला आणि मनातून चरफडलो. आज विचार करतो तेव्हा वाटतं, देव पुढं सरसावला तो तिथंच. पण तेव्हा मला फक्त गुडघा दिसत होता.

घडे भरले, कावड उचलली. गावची माणसं पुढं गेली. मी मागं पडलो, कारण वाटेत मला सारखं आडोशाला जावं लागे. कावड टेकवता येत नाही, म्हणून बाभळीच्या बेचक्यात टांगून जायचो, हातपाय धुऊन पुन्हा उचलायचो. डोळ्यांपुढं मधूनच अंधारी यायची. अकोला अजून बरंच लांब होतं. रस्त्याच्या कडेला एक मांडव दिसला. अकोल्याच्या जठारपेठेतल्या बाया दरसाल तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यांना केळी, साबुदाण्याची उसळ, ताक देतात. शेवटच्या टेबलावर औषधाचा डबा असतो. मलम, पट्टी, दुखायची गोळी. मला वाटलं, महादेव पावला.

त्या टेबलाशी पन्नाशीची एक जाडजूड बाई बसली होती. तिला सगळे निर्मलाताई म्हणत होते. मी कावड खांद्यावर तशीच ठेवून म्हटलं, “बाई, गुडघ्याची गोळी द्या. दोन द्या.”

तिनं डबा उघडला, पण हात आत घातला नाही. “काका, पोटाचं काही दुखनं हाय? आतडं, अल्सर, किडनी? रक्त पातळ कराची गोळी चालू हाय काय?”

“नाही,” मी म्हटलं.

माझ्या मागं आलेल्या एका तरुणालाही तिनं तेच विचारलं, त्याला गोळी दिली. मला दिली नाही. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “काका, खांद्यावर महादेवाचं पानी हाय. आता पुन्हा एक बार सांगा.”

कावडीचा बांबू खांद्यात रुतत होता आणि दोन्ही घड्यांतलं पाणी हलत होतं. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही. बापाच्या शिकवणीला पुन्हा बट्टा लावण्याइतका निर्लज्ज मी झालो नव्हतो. मी सांगून टाकलं. आतड्याचं दुखणं, बंद केलेली गोळी, चालू केलेली गोळी, रक्त. जे घरच्या माणसांना सांगितलं नाही ते रस्त्यावरच्या परक्या बाईला सांगितलं.

तिनं डबा बंद केला. “मंग हे तुमाले भेटत नाई.”

“तुमी डॉक्टर हाय काय?” मला राग आला होता.

“नाई बापा. मले काय समजते? डबा देनाऱ्या डॉक्टरनं एवढंच सांगतलं, पोटाचं दुखनं असनाऱ्याले दुखाची गोळी देऊ नोका, त्याच्या डॉक्टरले फोन लावाले सांगा. लावा फोन.”

मी लावला नाही, म्हणून तिनं माझ्या सदऱ्यातून फोन काढून घेतला आणि नंबर विचारून स्वतःच लावला. डॉक्टरीणबाईंनी न रागावता सगळं ऐकलं. किती वेळा जाता, चक्कर येते का, ताप आहे का, हे विचारलं. मग म्हणाल्या, “आजोबा, दोन्ही गोळ्या सुजेच्याच, पण एकीचं काम दुसरी करत नाही. तुमची रोजची गोळी आतड्याची सूज धरून ठेवते. गुडघ्याची ही गोळी तुमच्यासारख्याच्या आतड्यातल्या जखमा चिघळवू शकते, रक्त वाढवू शकते. तुम्ही कुंपण काढलंत आणि वर गुरं सोडलीत. आता काही घेऊ नका, एक पाऊल चालू नका. तिथल्या मोठ्या दवाखान्यात लगेच जा, मी त्यांच्याशी बोलते.”

कुंपणाचं मला बरोबर कळलं.

तरी माझा हट्ट उरलाच होता. मी म्हटलं, आधी पाणी घालतो, मग दवाखाना. निर्मलाताई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, “द्या इकडं.”

“बायामानसानं कावड?”

“काहून? जलमभर घरात पानी आनाले बाया पाह्यजे, अन् देवाले द्याले फक्त मानूस?”

मांडवातल्या बाया हसल्या. ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लावला आणि बांबू माझ्यावरून तिच्यावर सरकला. पाण्याचा थेंब सांडला नाही. मी आयुष्यात हातची कोणती वस्तू अशी दुसऱ्याला दिली नव्हती. शेतीचा कारभार मुलाला दिला तोही रोज त्याच्या चुका काढत. ती कावड घेऊन चालू लागली तेव्हा मी खाली बसलो, आणि मला रडू आलं. दुखत होतं म्हणून नाही. खांदा हलका झाला होता, आणि त्याबरोबर आत काहीतरी अवघडलेलं सुटलं होतं. मी मनात म्हटलं, देवा, आता तू आणि ती बाई पाहून घ्या.

मांडवात मदतीला आलेल्या निर्मलाताईच्या दिरानं मला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. अंगातलं रक्त बरंच उतरलं होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी एक-दोन दिवस अशाच गोळ्या घेतल्या असत्या तर गोष्ट अवघड होती. सलाईन लावलं, आतड्याची गोळी पुन्हा सुरू केली. काही आठवड्यांसाठी एक जोराचं औषध दिलं आणि बजावलं, की हे हळूहळू कमी करायचं असतं, बरं वाटलं म्हणून एकदम सोडायचं नाही. म्हातारी अमरावतीहून आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “जलमात एकदा ऐकलं कोनाचं. तेबी बाईचं. ऐकाले सुरवात तं झाली.”

संध्याकाळी निर्मलाताई आली. पाय सुजले होते, खांद्यावर वळ उठला होता, पण तोंड उजळलं होतं. वाटीत राजेश्वराचं तीर्थ आणलं होतं. मी हात पुढं केला आणि थांबलो. पलीकडे उभ्या असलेल्या सिस्टर पोरीला विचारलं, “बाई, पिऊ काय?”

ती म्हणाली, “पोटात नको आजोबा, डोळ्यांना लावा.”

मी डोळ्यांना लावलं. म्हातारी माझ्याकडे पाहत राहिली. पोटात घालायच्या गोष्टीसाठी मी कोणाची परवानगी घेतलेली तिनं कधी पाहिली नव्हती.

आता मी बरा आहे. देवापाशी दिवा लावला की आतड्याची गोळी घेतो, बरं वाटो न वाटो. गुडघ्याला शेक देतो, तेल लावतो. फारच ठणकला तर डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिलेली साधी गोळी, त्यांनी सांगितली तेवढीच. शेजाऱ्यांची गोळी शेजाऱ्यांना लखलाभ. गुडघा दुखतोच थोडा, पण म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी दुखायचंच.

लोक मला विचारतात, हा चमत्कार होता का. मला सांगता येत नाही. गोळ्या नदीत भिजल्या, त्या रस्त्यावर ती बाई बसली होती, आणि खांद्यावर पाणी होतं म्हणून मला दुसऱ्यांदा खोटं बोलता आलं नाही. एवढं घडलं. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून बसणं, असं मी समजत होतो. त्या दिवशी समजलं, की आपलं दुखणं जाणत्या माणसापुढं खरं खरं सांगणं आणि तो म्हणेल ते मुकाट्यानं करणं, हेही शरण जाणंच आहे. माझ्यासारख्याला ते कावडीपेक्षा जड गेलं.

दर सोमवारी मी त्या माउलीच्या नावानं एक बेल वाहतो. महादेवाला पाणी पोहोचलं. कोणाच्या खांद्यावरून आलं, ते त्यानं विचारलं नसेल.