लटकत्या चाकाचे बोल्ट

निवृत्त झाल्यापासून दोरीवाल्यांकडे एकच नोकरी उरली होती: दुपारी एक वाजता सुनेचा डबा गॅरेजवर पोचवायचा. त्यांचं खरं नाव वेगळंच होतं, पण चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांची चाकं दोरी ताणून सरळ केली होती, त्यामुळे खरं नाव फक्त कागदांवर राहिलं. त्यांच्या बायकोलाही लोक दोरीवालीणबाई म्हणायचे. त्यावर ती म्हणायची, "दोरी यांची, गाठ माझ्या गळ्यात."

गॅरेज आता सून चालवत होती. मुलगा शाळेत गणित शिकवायचा आणि ग्रीसच्या वासाने त्याला शिंका यायच्या. सून मात्र या घरात आली आणि दुसऱ्याच महिन्यात पान्ह्यांचे नंबर न बघता ओळखायला लागली. तिने चाकं सरळ करायचं, अलाइनमेंटचं कॉम्प्युटरवालं मशीन आणवलं, ते चालवायला शिकली, आणि आठ महिन्यांपूर्वी दोरीवाल्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा किल्ल्या तिच्या हातात आल्या. दोरीवाले स्वभावाने बुजरे. किल्ल्या देताना दोन शब्द बोलायचे ठरवले होते. "जपून," एवढंच म्हणाले.

त्या दुपारी ते डबा घेऊन आले तेव्हा रॅम्पवर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची जीप उभी होती. डोंगरावरच्या कुरणांत मेंढ्या-बकऱ्या तपासायला बाई हिच्यातूनच जायच्या. वाटेतले दगड पोटाला लागू नयेत म्हणून जीप उंच करून घेतलेली होती: लांब स्प्रिंगा, मोठे टायर, सगळं मिळून दोन इंच वर. सून स्क्रीनसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बाबा, हे बघा. सगळे आकडे हिरवे. तिसऱ्यांदा हिरवे. आणि टायर बघा."

दोरीवाल्यांनी पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून तळहात फिरवला. रबर करवतीसारखं दातेरी झालं होतं. बाहेरची कड नव्यासारखी होती.

"ब्रेक मारला की स्टिअरिंग भिरभिरतं म्हणतात बाई," सून म्हणाली. "उद्या दहाला येणारेत. म्हणाल्या, आता जमलं नाही तर शहरातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये नेते. त्यांचं काही चुकलेलं नाही हो. मलाच हे काम येत नाही. मशीन परत करते आणि नुसते टायर बदलून देत बसते."

"असं नको म्हणू," दोरीवाले म्हणाले.

"मग काय म्हणू?"

वाकून, गुडघ्यावर हात दाबून, दोरीवाल्यांनी चाकाच्या मागे बघितलं. चाकाला गाडीशी जोडणारे लोखंडी हात रबरी बुशांवर फिरतात. त्या बुशांच्या कडेला रबर फाटून केसासारखं लोंबत होतं. आठ महिन्यांपूर्वीच घातलेला नवा बुश इतक्यात फाटत नाही. फाटतो तो एकाच कारणाने, आणि ते कारण दोरीवाले दुसऱ्यांना शिकवत आले होते: चाक हवेत लटकत असताना त्या हातांचे बोल्ट आवळायचे नाहीत. लटकत असताना आवळले, की गाडी जमिनीवर टेकताच रबराला पीळ बसतो, आणि गाडी उभी असो वा पळत असो, तो पीळ रबराला खात राहतो. म्हणून गाडी आधी जमिनीवर टेकवायची, मग खाली झोपून पान्ह्याचा शेवटचा हात मारायचा.

जीप उंच करून देण्याचं काम त्यांनी स्वतः केलं होतं, कामाच्या शेवटच्या दिवशी. गुडघा ठणकत होता. बाहेर शेजारचे दुकानदार निरोपाचा फोटो काढायला खोळंबले होते. जीप लिफ्टवर होती, बोल्ट समोर उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर आले होते. आत्ता आवळू, उद्या खाली घेऊन सैल करून परत आवळू, असं मनाशी म्हणून त्यांनी उभ्या उभ्या पान्हा फिरवला. उद्या ते कामावर नव्हते.

"डबा गार होईल," एवढं बोलून ते घरी निघाले.

घरी बायको खिडकीशी उन्हात बसून शिवण उसवत होती. त्यांचा चेहरा बघताच म्हणाली, "काय हो, तोंड का पंक्चर झालंय?"

त्यांनी सगळं सांगितलं. बायकोशी बोलताना त्यांना शब्द सापडायचे.

"मग सांगा की तिला."

"सांगतो. पण हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. चाळीस वर्षांत एक गाडी अशी गेली नाही माझ्या हातून."

"चाळीस वर्षं माझ्या हातून एकदाही दूध उतू गेलं नाही असं म्हणते का मी?" बायको दोरा तोडत म्हणाली. "ती पोरगी स्वतःला अडाणी समजून मशीन परत करायला निघालीय. तुमची अब्रू सांभाळायला तिच्या हातचं काम जाऊ द्यायचं?"

दोरीवाल्यांनी मान हलवली. बायकोला ती कुठल्या बाजूला हलली ते कळलं नाही, म्हणून तिने पुन्हा विचारलं. "सांगतो म्हटलं ना," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच ते गॅरेजवर हजर. हातात डबा नव्हता, दोरीचं जुनं रीळ आणि पोलादी पट्टी होती. सुनेने भुवया उंचावल्या.

"बाबा, बाईंच्यासमोर दोरी? लोक म्हणतील मशीन शोभेचं आहे."

"मशीन खोटं बोलत नाही. त्याने गाडी उभी मोजली. आपण चालल्यासारखी मोजू."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. धिप्पाड बाई, चिखलाचे बूट, आवाज कुरणातल्या कुत्र्याला ऐकू जाईल असा. "काय दोरीवाले, पुन्हा कामावर? घरी भांडणं झाली का?"

"नाही... म्हणजे रोजच्याइतकीच," दोरीवाले म्हणाले, आणि लाजून रिळाची गाठ सोडायला लागले.

त्यांनी जीप सपाट फरशीवर घ्यायला लावली, दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणल्या. मग त्यांची जुनी पद्धत: बाईंना स्टिअरिंगवर बसवलं, सुनेसोबत मागून जीप दोन हात पुढे ढकलली, बाईंना हलका ब्रेक मारायला सांगितलं आणि दोरीपासून चाकाच्या पुढच्या-मागच्या कडेचं अंतर मोजलं. मग जीप मागे ढकलली, ब्रेक, पुन्हा मोजलं. चांगल्या गाडीत दोन मापांत फरक एका मिलिमीटरच्या आत येतो. इथे पाच आला.

सून पट्टीवर वाकली. तिने स्वतः पुन्हा मोजलं. पाचच.

"म्हणजे पुढे जाताना चाकं बाहेर फाकतात," ती हळूहळू म्हणाली. "आणि मशीनच्या, चाकांखाली सरकणाऱ्या सैल तबकड्यांवर उभी असली की आपोआप जागेवर येतात. म्हणून हिरवे! बुश गेलेत. पण बाबा, बुश तर नवीन होते. आठ महिन्यांत कसे जातील?"

हीच ती वेळ. दोरीवाल्यांनी पट्टी पुसली, पुसलेली पुन्हा पुसली.

"मी घालवले," ते म्हणाले. "लटकत्या चाकाचे बोल्ट आवळले. गुडघा दुखत होता. दुसऱ्या दिवशी नीट करणार होतो, राहिलं. काल रबर बघितलं तेव्हा कळलं. तुझं काही चुकलं नाही. पहिल्या दिवसापासून तू बरोबर मोजत होतीस."



"आठ महिने," सून म्हणाली. "आठ महिने मी रात्रंदिवस त्या मशीनची पुस्तकं वाचतेय, बाबा. सगळे धडे पाठ झाले माझे. मला वाटायचं, माझ्या डोक्यातच काहीतरी कमी आहे." ती पाठ फिरवून पान्ह्यांच्या फळीकडे गेली. तिथे सगळं जागेवर होतं, तरी तिने दोन-तीन पान्हे उगाच इकडचे तिकडे केले.

डॉक्टरीणबाई खाली उतरल्या. "माझ्या हातून एकदा एक गाय अशीच मेली," त्या म्हणाल्या. "चुकीची सुई मीच दिली होती. मालकाला सांगायला मला दोन आठवडे लागले. तुम्ही एका दिवसात सांगितलंत, फार झालं. आता माझी जीप कधी देता?"

सुनेने नाक पुसलं. "उद्या बुश येतील. परवा चार वाजता. आणि टायरची जोडी आमच्याकडून."

"ती घेतेच. आणि जीप शहरात नेत नाही, हे लक्षात ठेवा. तिथे त्यांनी नुसतं मशीन बघितलं असतं, माझी गाडी नाही."

दोन दिवसांनी सुनेने बुश बदलले, जीप जमिनीवर टेकवली, पुढच्या सीटवर बाईंच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवली आणि स्वतः चाकांच्या फळीवर पाठ टेकून गाडीखाली सरकली. दोरीवाले स्टुलावर बसून राहिले. खालून आवाज आला, "बाबा, शेवटचा हात मारू?"

"टेकलीय ना पूर्ण?"

"टेकलीय. दोनदा बघितलं."

"मग मार."

पुढे-मागे ढकलून मोजल्यावर फरक अर्धा मिलिमीटर आला. मग मशीनवर घेतली. सगळे हिरवे. सून आकड्यांकडे बघत एवढंच म्हणाली, "आता पटतंय." त्या दिवसापासून आलेली प्रत्येक गाडी ती आधी पुढे-मागे ढकलून मोजते आणि मगच मशीनवर चढवते. ढकलायला गिऱ्हाईकालाच लावते, कुणी कुरकुर केली तर म्हणते, "गाडी तुमची, घाम माझा, असं चालायचं नाही."

त्या दिवशी चार वाजता चाचणीला जायचं होतं. सून स्टिअरिंगवर, बाई शेजारी, आणि दोरीवाले मागे. त्यांनी शेकडो जीपा उंच करून दिल्या होत्या, पण उंच जीपमध्ये बसायची वेळ कधी आली नव्हती. पायरीवर चढायला सुनेनेच हात दिला. तिचा राग गेला होता की नाही, ते त्यांना कळलं नाही. हात मात्र घट्ट होता.

सरळ रस्त्यावर जीपने वेग घेतला. वळण संपलं की स्टिअरिंग आपलं आपण मधोमध येत होतं. सुनेने जोरात ब्रेक मारला. जीप रेघ ओढल्यासारखी थांबली, दोरीवाले पुढच्या सीटवर आदळले आणि बाई खदखदून हसल्या.

"पुन्हा मारू?" सुनेने आरशातून विचारलं.

"मार," दोरीवाले म्हणाले, आणि दोन्ही हातांनी पुढची सीट धरली. कुंपणांच्या वरून लोकांच्या बागा दिसत होत्या, वाळत घातलेले कपडे, एका गच्चीवर झोपलेलं मांजर. इतक्या उंचावरून हा रस्ता त्यांनी कधी बघितला नव्हता. घरी गेल्यावर हे बायकोला सांगायला हवं, असं त्यांच्या मनात आलं, तोच सुनेने दुसऱ्यांदा ब्रेक मारला.