निवडलेलं लेकरू

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, प्रार्थनेत देवालाही नाही — त्याच्यापुढं तर विषयच टाळत आलो. तुम्हाला सांगतोय, एवढंच.

एकोणीसशे पंचवीस सालाच्या सुमाराची गोष्ट. सोलापुरात आमच्या ख्रिस्ती मंडळीचं वाचनालय माझ्याकडं होतं. पाळकसाहेबांनी नव्या लोकांसाठी काल्विनमताची — देव आपली माणसं आधीच निवडून ठेवतो, असं मानणाऱ्या पंथाची — सोपी, पहिली पुस्तकं निवडायला सांगितली. मी निवडली — न वाचता! जाडी बघितली, अक्षर बघितलं, झालं. वर ऐटीत सांगितलं, सगळी वाचून काढलीत. मोठा शहाणा ना मी!

त्यातलं एक गेलं सोनाबाईकडं. गिरणीत कामाला होती, अक्षरओळख माझ्याच हातची. तिचं सहा महिन्यांचं पोर बाप्तिस्म्याआधीच गेलेलं. पंधरा दिवसांनी पुस्तक छातीशी धरून आली.

"मास्तर, देव काही लोकांस्नी निवडतो म्हणं. म्हंजी आमी सुपातनं खडं निवडून टाकतो, तसंच की? माझं लेकरू निवडलं व्हय त्यानं?"

ज्वारी निवडताना हातानं उचलतात तो खडाच, आणि तो जातो अंगणात — तिचं काय चुकलं? इथं निवडणं म्हणजे जवळ घेणं, एवढं तरी सांगता आलं असतं. पण मग तिनं लेकराचं विचारलं असतं, आणि मला कुठं ठाऊक होतं? मी चष्मा सारखा केला. म्हणालो, "पुढं वाचा, कळेल."

ती वाचत राहिली. बोट ठेवून, ओळ न् ओळ. पुढं काहीच नव्हतं हो!

मग लाजेनं मी उरलेली पुस्तकं उघडली. सगळ्यांत बारक्या पुस्तकात ते पान सापडलं — तान्ही लेकरं जातात, ती देवाच्याच कुशीत. मी रडलो. आणि पुस्तक टेबलाच्या खणात ठेवलं. दिलं असतं, तर आधी का नाही दिलं, असं तिनं विचारलं असतं ना? चारचौघांत माझं पितळ उघडं पडलं असतं. एवढ्यासाठी!

गिरणीतलं काम सुटलं, तशी ती भावाकडं करकंबला निघाली. निरोप घ्यायला आली, दारातच उभी राहिली. "मास्तर, लई उपकार झालं. कळलं न्हाय, पर वाचाया तरी आलं."

खण माझ्या गुडघ्याला लागत होता. मी म्हणालो, "जपून जा, बाई."

पुढल्या वर्षी ती वारल्याचं कळलं. ते पान मला अजून पाठ आहे. ती मात्र आपलं लेकरू देवानं फेकलं, असंच धरून गेली.