साडभाऊंचा पैलवान

माझ्या साडूंइतका समुद्राचा नाद अख्ख्या वऱ्हाडात दुसऱ्या कुणाला लागला नसेल, आणि त्यांनी समुद्र उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही शाळेच्या सहलीत, पोरं मोजता मोजता. अकोटच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर अकोल्यात घर बांधलं आणि बैठकीत, जिथे ताईला देव्हारा हवा होता, तिथे पाच फुटी काचेची टाकी आणून ठेवली. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. मूलबाळ नाही, घरात दोघंच. "गोड्या पान्यात मासे कोनीबी पाळते," साडभाऊ म्हणाले, "आपन समुद्र पाळू."

चूक कबूल करणं हा प्रकार साडभाऊंच्या स्वभावातच नव्हता. एकदा आम्हाला सगळ्यांना गाडीत घालून सेमाडोहला निघाले आणि वाट चुकून चिखलदऱ्याला पोचले. तिकडे सेमाडोहला नातेवाईक जेवायचे थांबलेले. साडभाऊ खाली उतरले, दरीकडे बघून छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "मले इथंच यायचं होतं." समुद्राचंही तसंच झालं. त्यांचं गाव खारपाणपट्ट्यातलं, तिथल्या विहिरींचं पाणी मुळातच खारट. म्हणून त्यांनी एसटीतून त्या पाण्याच्या कॅन वाहून आणल्या. त्यात सोडलेले मासे दोन दिवसांत उलटे झाले. विहिरीचं मीठ वेगळं आणि समुद्राचं वेगळं, एवढंच त्यावर कुणीही म्हटलं असतं. साडभाऊ म्हणाले, "हा प्रयोग होता. यशस्वी झाला."

मग मुंबईहून खास मिठाची पावडर आली, पाण्याचा खारेपणा मोजायची नळी आली, आणि शेवटी समुद्राच्या तळचा एक खडबडीत दगड आला. घरातला एकमेव एसी टाकीच्या खोलीत बसला, कारण मे महिन्यातल्या अकोल्यात समुद्र उकळायला लागतो. ताई स्वयंपाकघरात टेबलफॅनसमोर पोळ्या लाटायची. फॅनने गॅस विझायचा, म्हणून तोही बंद. "मी मासोयी असती त बरं झालं असतं," ती एकदा माझ्या बायकोला म्हणाली. आम्ही हसलो. आज वाटतं, हसायला नको होतं.

नारिंगी पट्ट्यांचे मासे आले, आणि महिन्याभरात एकेक करून कमी व्हायला लागले. दोन नाहीसेच झाले. तिसरा तरंगताना सापडला, कुशीला भोक पडलेला. त्या दिवशी आम्ही जेवायला गेलो होतो. साडभाऊंनी तो मासा बशीत ठेवला आणि सगळ्यांसमोर ताईला म्हणाले, "तूच पान्यात काहीतरी टाकलं. तुले हा समुद्र पयल्यापासून नको होता."

ताईच्या हातात वरणाची वाटी होती. "मी मुंगीले मारत नाही," ती म्हणाली, "मासोयीले काहून मारन?"

जेवण कसंबसं उरकलं.

आठवड्याभराने त्यांचा फोन आला. आवाज आनंदाने फुटत होता. "गुन्हेगार सापडला!" दगडाच्या बिळातून दोन डोळे बाहेर आले होते, देठांवर बसवलेले, एक इकडे फिरतोय, दुसरा तिकडे. मॅन्टिस श्रिंप. जात कोळंबीच्या नात्यातली, पण खंडोबाच्या किड्यासारखे पुढचे हात दुमडून बसणारी. त्या हातांचा ठोसा असा की खेकड्याची पाठ फुटते. दगडातून लपून आला होता तो. दुसऱ्या कुणी त्याला काढून फेकलं असतं. साडभाऊंनी त्याचं नाव पैलवान ठेवलं.

त्या दिवसापासून बाकी समुद्र संपला आणि पैलवान उरला. गळ्यात तुळशीची माळ घालून साडभाऊ बाजारात जिवंत खेकडे घ्यायला जायचे. मासळीवाले चाचा म्हणायचे, "मास्तर, पहले माला तो निकालो!" साडभाऊ गंभीरपणे सांगायचे, "माझ्यासाठी नाही, पाहुन्यासाठी." ज्या फ्रिजमध्ये ताईने कधी अंडं येऊ दिलं नव्हतं, त्यात आता खेकड्यांचा डबा. आल्यागेल्याला टाकीसमोर बसवून, खेकडा आत सोडून, टक्कन ठोसा ऐकवल्याशिवाय चहा मिळत नसे. "आपल्याले दिसत नाही ते रंग त्याले दिसतात," ते सांगायचे.

"तुमाले घरातली बाई दिसत नाही," ताई एकदा दारातून म्हणाली, "अन् त्याच्या डोयाचं काय सांगता?"

मासे पैलवानाने मारले हे साऱ्या गल्लीला त्यांनी सांगितलं. ज्या एका माणसाला सांगायचं होतं, त्याला सांगितलं नाही. ताईने त्या एका वाक्याची किती दिवस वाट पाहिली, मला माहीत नाही. मग ती आठ दिवसांसाठी म्हणून अमरावतीला आमच्याकडे आली, आणि चार महिने झाले तरी परत गेली नाही.

एका सकाळी साडभाऊंचा फोन आला. रडत होते. "पैलवान गेला. नुसता सांगाडा पडला हाय."

ताईने लगेच पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि मला म्हणाली, "चला. एकटेच असतीन ते." सगळ्या रस्त्यात ती एसटीच्या खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, चला, हे एक बरं झालं.

दार उघडलं तेव्हा साडभाऊ लहान पोरासारखे नाचत होते. "मेला नाही! कात टाकली त्यानं! ये, पाह्य, कसा चकाकते!" ताईच्या हातातली पिशवी त्यांनी घेतली नाही. कशी आहेस, विचारलं नाही. ती टाकीसमोर उभी राहिली. बिळाच्या तोंडाशी तो हिरवा-तांबडा जीव नव्या अंगाने बसला होता. "चांगला दिसते," ती म्हणाली. मटक्यातलं पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "परतीची गाडी कितीची हाय?"

साडभाऊ तेव्हा खेकडा शोधत होते.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका रविवारी, ते स्वतः अमरावतीला आले. ताईने चहा केला. ते तासभर पैलवानाच्या पचनावर बोलले, ती ऐकत राहिली. उठताना चपला घालायला त्यांना फार वेळ लागला. ताई दारात उभी होती. "पोचल्यावर फोन करजा," एवढंच म्हणाली.

स्टँडवर मी सोबत गेलो. अकोल्याची गाडी यायची होती, तोवर ते फलाटावरच्या पाट्या वाचत होते. मग एकदम म्हणाले, "तिनं पान्यात काही टाकलं नव्हतं. मले मालूम होतं. ते बोललो तवाच मालूम होतं."

"मग तिला सांगा ना."

"हो," ते म्हणाले. तेवढ्यात गाडी लागली आणि ते चढून गेले.

दिवे लागायच्या सुमारास फोन वाजला. ताईनेच घेतला. बराच वेळ ती कानाला लावून उभी होती. पलीकडून काही बोलणं चाललं होतं की नाही, मला कळलं नाही. शेवटी ती "हं" म्हणाली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"पोचले म्हने," ती म्हणाली, आणि फोन मांडीवर घेऊन तिथेच खाली बसली.