आत्याला कसला सण

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आत्याचं नाव घेतो. माझ्या वडिलांची ती थोरली बहीण. निजामाच्या अमलात धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात ती नर्स होती. आमच्या घराण्यात शाळेची पायरी नीट चढलेलं कुणी नव्हतं. माझी आई गेल्यावर आत्यानं मला आपल्याजवळ आणलं, उर्दू शाळेत घातलं आणि मॅट्रिकनंतर हैदराबादला कॉलेजात धाडलं. आज मी पदवीधर म्हणवून घेतो ते तिच्यामुळं. तिच्यावर झालेला एक अन्याय मी इथं लिहून ठेवतो आहे. इतकी वर्षं झाली, पण माझा राग गेलेला नाही.

आत्या ऐन तरुणपणी विधवा झाली. पदरी तान्ही मुलगी होती. आत्या सोलापूरला जाऊन नर्सचं काम शिकली तेव्हा धाराशिवजवळच्या वाशीच्या तिच्या सासऱ्यांनी सांगून टाकलं, "धा जातीच्या अंगाला हात लावनारीच्या घरी आमची पोर ऱ्हानार न्हाय." मुलगी त्यांनी ठेवून घेतली. वर्षातून एकदा, संक्रांतीला, आत्यानं वाशीला यावं, मुलीला तिळगूळ द्यावा, दिवसभर राहावं आणि परत जावं, एवढी मुभा होती.

दवाखान्यात तीन नर्सा होत्या. एक मोठ्या बाई. त्यांचे यजमान कचेरीत कारकून होते, त्यामुळं डॉक्टरसाहेबही त्यांच्याशी जपून बोलत. दुसरी एक मुसलमान बाई, तिला सगळे आपा म्हणत. तिसरी आत्या. आत्या आणि आपा यांचा आपसांतला करार साधा होता. ईदेला आत्या ड्यूटी करी, दिवाळीला आपा. दोघींनी तो कधी मोडला नाही.

मोठ्या बाईंचा करार कुणाशीच नव्हता. सणाच्या ड्यूटीवर त्यांचं नाव लागे, त्या ते मान्यही करत आणि सणाच्या सकाळी चपराशाबरोबर निरोप येई, "बाईंना अडचण आहे." अडचण म्हणजे कावळा शिवला, बाजूला बसल्या. यावर पुरुष डॉक्टर काय विचारणार? एरवी वर्षभर याच बाई अशा दिवसांत वार्डात बिनघोर फिरत, औषध देत, पट्ट्या बांधत. सण आला की तेवढं सोवळं आठवे. मग तोच चपराशी आमच्या दारात येई. आत्या चुलीवरचं उतरवून निघे.

एकदा आत्या त्यांना दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, एखाद्या सणाला तुमी बी थांबा की."

मोठ्या बाई हसल्या. "तुमाला वो काय सण? हळदीकुंकू न्हाय, कुनाला ववाळायचं न्हाय. घरी बसून तरी काय करनार? हितं चार मानसांत तेवढंच मन रमतंय."

हे वाक्य त्या दुष्टपणे बोलल्या असत्या तर बरं होतं. त्या ते समजूत घातल्यासारखं बोलल्या.

त्या वर्षी मी कॉलेजच्या सुटीत घरी आलो होतो. वाशीहून सांगावा आला होता की मुलीचं लग्न माघात धरलं आहे. म्हणजे माहेरची, आईच्या हातची तिची ही शेवटची संक्रांत. लग्नाच्या मांडवात आत्याला कुणी पुढं येऊ देणार नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून आत्यानं नोकरीत पहिल्यांदाच संक्रांतीच्या दिवसाची रजा अर्ज करून, डॉक्टरांची सही घेऊन, महिनाभर आधी पक्की केली. एरवी ती आपाशी अदलाबदल करून जाई. या वेळी तिला कुणाच्या मेहेरबानीवर जायचं नव्हतं. ड्यूटी मोठ्या बाईंची होती.

सकाळी आम्ही अड्ड्यावर जाऊन मोटारीत बसलो. आत्यानं तिळाच्या वड्यांचा डबा मांडीवर धरला होता. मुलीसाठी शिवलेली खणाची चोळी तिनं दोनदा उलगडून मला दाखवली. मोटार भरत आली आणि चपराशी धापा टाकत आला.

"बाई, चला. मोठ्या बाईंला अडचन हाय."

"मला रजा हाय," आत्या म्हणाली.

"साहेबानंच धाडलंय. एक बाळंतीन अडलीय. आपा रातभर जागी हाय, तिच्यानं एकटीनं व्हईना."

आत्या माझ्याकडं वळली. मी म्हणालो, "तुम्ही जाऊ नका. त्यांनी मोठ्या बाईंना उठवून आणावं."

"अन् ती बाळंतीन?" एवढंच म्हणून ती खाली उतरली. डबा आणि चोळी तिनं माझ्या हातात दिली.

वाशीला मी एकटा गेलो. आतेबहीण दारातच उभी होती. तिनं माझ्या मागं रस्त्यावर पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. आत्याचे सासरे ओट्यावरून म्हणाले, "आई आली न्हाय व्हय? बरूबर हाय. नोकरी थोर, लेक काय, ऱ्हातीया कुठंबी." मी कारण सांगायला तोंड उघडलं. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. मुलीनं चोळी घेतली, वड्या घेतल्या आणि आत निघून गेली. मी निघेपर्यंत ती पुन्हा बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी परतलो तर आपा आमच्या ओसरीवर बसली होती आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मोठ्या बाईंच्या घरी आदल्या संध्याकाळी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आपालाही तिळगुळाचं बोलावणं होतं.

"क्या बताऊं भाई," आपा म्हणाली. "शालू नेसून बाई उभ्या. निम्मा गाव जमलेला. तेवढ्यात डाक्टरनीबाई आल्या. जेवताना डाक्टरसाहेब त्यांना बोलून गेले होते ना, आज मोठ्या बाई बाजूला बसल्यात म्हणून. डाक्टरनी उंबऱ्यातच थांबल्या. बोलल्या, 'अहो, सकाळी बाजूला बसलात आणि संध्याकाळी कुंकू लावताय?'"

"मग?"

"मग काय? ज्यांनी कुंकू लावून घेतलं होतं त्या कपाळाला हात लावून बसल्या. खरं बोलल्या असतील तर साऱ्यांना विटाळ. खोटं बोलल्या असतील तर नोकरीत खोटं. बाईनं सकाळचंच खरं म्हणून सांगितलं. ध्यानात राहिलं नाही म्हणाली. हातातला करंडा ठेवला आणि सरळ मागच्या पडवीत जाऊन बसली."

मीही हसलो. चोरी पकडली गेली, आता तरी ही रीत बंद होईल, असं मला वाटलं. पण आत्या हसली नाही. ती ड्यूटीचं लुगडं नेसत होती.

"आता कुठं निघालात?" मी विचारलं.

"त्या बाजूला बसल्या न्हवं का. आता चार दिवस त्या येत न्हाईत."

आपलं बोलणं खरं ठरावं म्हणून मोठ्या बाई चार दिवस पडवीत बसून राहिल्या आणि ते चारही दिवस आत्यानं भरले. लबाडी त्यांची, उघडी पडली तीही त्यांची, आणि शिक्षा माझ्या आत्याला. एवढंही कुणाला खटकलं नाही.

मी तडक डॉक्टरांच्या बंगल्यावर गेलो. रजेवर सही कुणाची होती, असं विचारलं. ते रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं. मला त्यांनी खुर्ची दिली.

"बाळ, तू शिकलेला आहेस. सौभाग्यवती बायकांना सणासुदीला मी कसं अडवणार? घरचे काय म्हणतील? तुझ्या आत्याचं तसं नाही. देवानंच त्यांना मोकळं केलंय. त्या आहेत म्हणून दवाखाना चालतो."

"त्यांना मुलगी आहे," मी म्हणालो.

"असं?" डॉक्टर म्हणाले. इतकी वर्षं आत्या त्यांच्या हाताखाली होती.

माघात लग्न झालं. आत्या मांडवाच्या मागं, स्वयंपाकाच्या धुरात उभी होती. मुलीनं निघताना वाकून नमस्कार केला, पण नजर वर केली नाही. संक्रांतीला आई का आली नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायला आत्याला दोघींचा एकांत मिळाला नाही.

मी पदवी घेतली, हैदराबादेतच एका शाळेत मास्तर झालो. पहिलं काम मी हे केलं की येरमाळ्याला आतेबहिणीच्या यजमानांना पत्र घालून त्या दिवशीची सगळी हकिकत कळवली. त्यांचं उत्तर आल्यावर मी आत्याला जे पत्र धाडलं, ते असं:

तीर्थस्वरूप आत्याबाईंस,

मायन्यात विधवेला गंगाभागीरथी लिहायची रीत आहे, ती मी मुद्दाम सोडली. त्या एका शब्दाखाली लोकांनी तुमचे सगळे सण नेले.

तुमच्या जावयांचं पत्र आलं. माणूस भला दिसतो. ते लिहितात की संक्रांतीची हकिकत वाचून दाखवली तेव्हा तुमच्या मुलीनं ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग तिनं विचारलं, त्या बाळंतिणीचं काय झालं? मला ते माहीत नाही. तुम्हीच तिला सांगा.

दिवाळीला तुम्ही येरमाळ्याला त्यांच्या घरी यावं, असं दोघांचं म्हणणं आहे. आपाशी असलेल्या करारावर विसंबू नका, रजा मागा. मंजूर होईल, आणि सणाच्या सकाळी कुणीतरी आजारी पडेल. निरोप आला की सांगा, मी येत नाही. ताप आहे म्हणू नका, अडचण आहे म्हणू नका. तुम्हाला खोटं बोलता येत नाही आणि त्याची गरजही नाही. माझा सण आहे, एवढंच सांगा. वार्डात मग कोण, असं तुमच्या मनात येईल. त्याचा विचार डॉक्टरसाहेबांनी करायचा आहे. तुम्ही तो पुष्कळ केला.

मीही तिथं येतो आहे. आंघोळीआधी मला तेल तुम्ही लावायचं आणि ओवाळायचंही तुम्हीच. कुणी काही बोललं तर मी बोलेन. तुमची मुलगीही बोलेल असं दिसतं, कारण आई दिवाळीला येणार म्हणून तिनं आळीत सगळ्यांना आधीच सांगून टाकलं आहे.

तुमचा भाचा