तीन चाकांवरून वलसाड

उजाडता उजाडता आम्ही सुरतहून निघालो तेव्हा बाकीचे सगळे माझ्यापेक्षा उंचावर बसलेले होते. त्यांच्या सायकली नेहमीच्या, दोन चाकी. माझी तीन चाकी: पुढे दोन, मागे एक, आणि मध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर आरामखुर्चीसारखी सीट. पाठ टेकून बसायचं आणि पाय पुढे ताणून पेडल मारायचं. ट्रकवाल्यांना दिसावी म्हणून मागे उंच काठीला भगवं कापड बांधलेलं. वलसाडपर्यंत जाऊन परत यायचं होतं. अशा लांब पल्ल्याच्या सायकल-फेरीत पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेल्या वेळेच्या आत परत पोहोचायचं, एवढंच.

ही सायकल माझ्या धाकट्या भावानं बनवली होती. उधन्यात त्याचं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान होतं. ग्रिल आणि लोखंडी जिने करायचा. कानाच्या दुखण्यानं माझा तोल बिघडला. चालताना काही वाटायचं नाही, पण दोन चाकांवर बसले की पडायचे. सायकल सुटली म्हणून मी गप्प गप्प राहायला लागले, तेव्हा त्यानं मोबाइलवर अशा सायकलींचे व्हिडिओ बघितले, भंगारातून जुन्या सायकली आणल्या आणि पाइप कापायला बसला. या फेरीत माझं नावही त्यानंच घातलं. मग पावसाळा संपता संपता त्याला डेंग्यू झाला आणि आठवड्याच्या आत तो गेला.

नाव काढून घे असं मला कुणी म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. आई स्वयंपाक करायची आणि भिंतीकडे तोंड करून निजायची. भावजय दाराबाहेर पडत नव्हती. मी नोकरीवर जात होते, सरावालाही जात होते, कारण अलार्म लावलेला होता आणि तो वाजला की मी उठत होते. मला दवाखान्यात रडू आलं नाही, नंतरही नाही. नातेवाइकांना वाटलं, ही खंबीर आहे. मीही तसं वाटू दिलं.

चलथाणला साखर कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर लागले. एवढ्या खालून त्यांची नुसती चाकं दिसत होती. मळीचा वास बराच वेळ सोबत राहिला. पलसाण्यात मी ज्या कापड रंगवायच्या प्रोसेस हाउसमध्ये हिशेबाचं काम बघते, तेही वाटेत लागलं; वॉचमननं हात केला, मीही केला. हायवेवर गाड्या शेजारी येऊन हळू व्हायच्या, आतून मोबाइल बाहेर यायचे. एका चहाच्या टपरीवर म्हाताऱ्या मालकानं गुजरातीत विचारलं, बेन, पायांना काय झालं? काही नाही, म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं माझा चहा सायकलपाशी आणून दिला.

नवसारी मागे पडेपर्यंत माझी पायाची बोटं बधिर झाली होती. या सायकलवर पाय उचललेले राहतात, त्यामुळे तसं होतं. थांबून बूट सैल करायचे, बोटं चोळायची, पुढे निघायचं. वलसाडला फेरीच्या कार्डावर शिक्का मारून घेतला आणि परत फिरले. तोवर मला काही वाटलेलं नव्हतं. ऊन होतं, वारा समोरून होता, पाय फिरत होते.

चिखलीच्या अलीकडे खाडकन आवाज झाला आणि साखळी रस्त्यावर लोंबली. सीटखाली एक छोटं चाक असतं, लांब साखळीला आधार देणारं. ते ज्या पट्टीवर बसवलं होतं ती जोडावरून सुटली होती. मी उठले आणि सायकल ढकलत निघाले. बऱ्याच चालण्यानंतर उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारं एक गॅरेज दिसलं. वेल्डर माझ्याशी हिंदीत बोलत होता. मी घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं, ते ऐकून तो मराठीत बोलायला लागला. परभणीकडचा होता. त्यानं पट्टी उलटीसुलटी करून पाहिली.

"जुना जोड घासून काढावा लागंल, ताई. तसाच वरून मारला तर परत सुटंल."

मी त्या जोडाकडे बघत राहिले. तो ग्राइंडर हातात धरून थांबला. त्याला वाटलं असेल, मला नीट ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, काढू ना? त्या जोडावर कणकेच्या मुटक्यासारखा एक बेढब गोळा होता. भावाचे सगळे जोड तसेच असायचे. दिसायला नको, धरलं पाहिजे, असं तो म्हणायचा.

"काढा," मी म्हटलं.

ठिणग्या उडाल्या, पट्टी स्वच्छ झाली. आता तरी रडू येईल म्हणून मी वाट बघितली. आलं नाही. फक्त खूप भूक लागली. शेजारच्या दुकानातून वेफर्सचं पाकीट घेतलं आणि उभ्यानंच संपवलं.

सुरतला पोहोचले तेव्हा दिवस मावळला होता आणि वेळ उलटून गेली होती. आयोजकांचं सामान आवरणाऱ्या मुलीनं हळू आवाजात सांगितलं की ही फेरी पूर्ण झाली असं धरलं जाणार नाही. बरं, म्हटलं. तिनंच स्वतःचे डोळे पुसले.

सायकल घरी न्यायला भावाच्या दुकानातला टेम्पो आला होता. ड्रायव्हरशेजारून भावजय उतरली. ती येईल असं मला माहीत नव्हतं. माझ्याकडे, मग सायकलकडे पाहत ती उभी राहिली. तिला यात बसायला भावानं कितीदा तरी सांगितलं होतं, आणि दरवेळी ती लाजून आत पळाली होती.

"ताई, मी बसून बघू?"

साडी गुडघ्यांत खोचून ती बसली. पेडल कसं मारायचं, ब्रेक कुठे, ते मी दाखवलं. मोकळ्या पार्किंगमध्ये ती आधी वेडीवाकडी गेली, मग सरळ. एक फेरी झाली. मला वाटलं आता उतरेल, पण ती तशीच पुढे गेली. ड्रायव्हरनं सायकल चढवायला टेम्पोचं मागचं फळकं पाडून ठेवलं होतं. त्यानं ते पुन्हा वर लावलं आणि बिडी पेटवली. मी फुटपाथच्या कडेला बसले आणि तिला फिरू दिलं.