पेनड्राइव्हमधला मोर

मुरुम गावच्या बाजारपेठेत माझं भरतकामाचं दुकान आहे. एक कॉम्प्युटरवर चालणारी एम्ब्रॉयडरी मशीन, एक जुनी पायमशीन आणि लग्नसराईत मान वर करायला फुरसत मिळणार नाही इतकं काम. मशीनला डिझाइन पेनड्राइव्हमधून द्यावं लागतं. पेनड्राइव्ह खोचायचा, पडद्यावर चित्र आलं की फ्रेमला कापड ताणायचं आणि बटण दाबायचं.

त्या दुपारी पेनड्राइव्ह खोचला आणि पडदा कोरा राहिला.

समोर स्टुलावर नवरीची आई, काकू, बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी हळद होती. शालूबरोबर आलेल्या कापडाचा ब्लाउज, तसं कापड दुसरं मिळणार नव्हतं. पाठीवर दोन मोर काढून झाले होते, तेच मोर बाह्यांवर यायचे होते. नवरीनं ऐन वेळी बाह्या आखूड सांगितल्या. मोर मशीनवरही लहान करता येतो, पण मग टाके दाटीनं बसतात आणि कापड पुठ्ठ्यासारखं होतं. म्हणून सकाळीच उमरग्याला डिझाइनवाल्याकडं जाऊन मी तो लहान करून आणला होता.

पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. सगळे फोल्डर जागच्या जागी, फक्त प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक बारीक बाण. फोल्डर उघडला तर आत मोर. मी तो दुसऱ्या पेनड्राइव्हवर, जुन्या डिझाइनच्या फोल्डरात टाकला आणि मशीनला लावला. पुन्हा कोरा. पहिल्यावर नाही तर नाही, पण दुसऱ्यावरची कालपर्यंत दिसणारी डिझाइनंही गायब.

"मशीन बिघडली म्हणा की सरळ," काकू म्हणाल्या.

डिझाइनवाल्याला फोन लावला. आणखी एका दुकानातून तीच तक्रार आल्याचं त्यानं सांगितलं. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला होता, आणि येईल त्या पेनड्राइव्हला लागत होता.

"फॉरमॅट मारा ताई, साफ व्हतंय. मी परत भरून देतो."

"काय भरून देता? मोर हाय का तुमच्याकडं?"

मोर त्याच्याकडं नव्हताच. आमच्या धंद्याची रीतच तशी आहे. डिझाइन दुसऱ्या दुकानात जाऊ नये म्हणून आम्ही त्याच्या खुर्चीमागं उभ्या राहतो आणि काम झालं की आपल्यादेखत ते पुसायला लावतो. सकाळी मीही पुसायला लावलं होतं. लॅपटॉपवर मी काही ठेवत नाही, दुकानात सतरा जणांचा वावर. म्हणजे हा मोर या दोन पेनड्राइव्हांखेरीज कुठंच नव्हता. फॉरमॅट केलं असतं तर सगळंच पुसलं गेलं असतं, म्हणजे पाठीवर मोर आणि बाह्यांवर भलताच पक्षी.

"मग मारा की ते फॉरमॅट," काकू म्हणाल्या. "कशाची वाट बघताय?"

कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एक मॅडम माझ्याकडून ब्लाउज शिवून घेतात. त्यांना फोन केला. त्यांनी सांगितलं, हा व्हायरस खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे खोटे शॉर्टकट पुढं ठेवतो. शॉर्टकट उघडला की आधी व्हायरस सुरू होतो, मग खरा फोल्डर उघडतो, म्हणून माणसाला संशय येत नाही. मशीनला लपवलेलं वाचता येत नाही, एवढंच. काही गेलेलं नाही. पण आधी लॅपटॉप साफ करायचा, मग पेनड्राइव्ह. उलटं करायचं नाही.

भारनियमनामुळं चारला करंट जाणार होता. घाईत मी उलटंच केलं, आधी पेनड्राइव्ह घेतला. मॅडम फोनवर अक्षर अक्षर सांगत होत्या, "एट्रिब, मायनस एच, मायनस आर, मायनस एस," आणि मी लॅपटॉपला आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत ते टाइप करत होते. खरे फोल्डर वर आले. मी बाणवाले पुसले. पेनड्राइव्ह काढायला हात नेला तेवढ्यात बाण एकेक करून परत उगवले, माझ्या डोळ्यांदेखत.

मॅडमनी एवढंच विचारलं, "लॅपटॉप झाला का?"

दोन्ही पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवले. अँटिव्हायरस ताजा करून घेतला आणि नेट बंद केलं. टास्क मॅनेजरमध्ये व्हायरसची स्क्रिप्ट आपोआप चालत होती, ती थांबवली. लॅपटॉप सुरू झाला की तिला उठवणारी नोंद स्टार्टअपमधून काढली. मग पूर्ण स्कॅन लावला. पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती.

काकू उठल्या. "कापड द्या माझं. उमरग्यात बघते."

"न्या," मी म्हटलं. "पाठ माझी, बाह्या त्यांच्या. मांडवात व्याह्यांकडच्या बायका बघतीलच."

त्या परत बसल्या.

स्कॅननं व्हायरस पकडून काढला. लॅपटॉप बंद करून चालू केला. पहिला पेनड्राइव्ह लावला, पण त्यातलं काही उघडायचं टाळलं. आधी स्कॅन, मग तीच आज्ञा, मग बाण पुसले आणि त्यांच्यात बसलेली एक अनोळखी फाइलही. काढून परत लावला. बाण आले नाहीत. आणखी एकदा लावून पाहिला. मग मशीनला खोचला, आणि पडद्यावर मोर आला.

पहिली बाही नीट झाली. दुसऱ्या बाहीवर पिसारा झाला, मान झाली, मशीन पायांकडं वळली आणि करंट गेला. आता तो थेट रात्री येणार होता. मी कापड फ्रेममधून काढलं, त्याच रिळाचा धागा सुईत ओवला आणि मोराचे पाय हातानं काढले. काकूंनी बाही दारातल्या उजेडात धरून ठेवली. ब्लाउज पायमशीनवर शिवला, तिला करंट लागत नाही.

"पाय कळतेत का, बघा," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही बाह्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या. "न्हाय कळत," म्हणाल्या. "पोरीला सांगू नका बरं का."

त्या एसटी गाठायला निघाल्या. लॅपटॉपची बॅटरी अजून शिल्लक होती, म्हणून मी दुसरा पेनड्राइव्ह साफ करायला घेतला.