सुनंदाचा रॅम्प

शाळेच्या व्हरांड्यात मुख्याध्यापकांची मोटारसायकल उभी होती. उन्हात सीट तापते म्हणून ते ती रोज रॅम्पवरून वर चढवतात आणि रॅम्पच्या तोंडाशीच लावतात. रॅम्प बांधलाय पाचवीतल्या सुनंदासाठी. तिचे पाय लहानपणापासून लुळे आहेत. मी इथला केंद्रप्रमुख, त्यामुळे उद्घाटनाचा नारळ मीच फोडला होता. सरपंचांनी सुनंदाच्या गळ्यात हार घातला, फोटो झाला.

आज घंटा झाली तेव्हा ती बाजूच्या तीन पायऱ्या हातांवर अंग रेटत चढत होती. दप्तराचा पट्टा दातांत धरलेला.

"रॅम्पवरून का येत नाहीस गं?"

पट्टा सोडून ती म्हणाली, "वर गाडी असते ना, सर."

मुख्याध्यापक हसले. "सवय आहे तिला, साहेब. उलट हात कसे दणकट झालेत बघा पोरीचे!"

योजना मंत्रालयातून निघते, जिल्हा, तालुका करत गावापर्यंत धडधाकट चालत येते. मग अगदी दारात कुणीतरी तिच्यापुढे गाडी लावतो. तो काही दुष्ट नसतो, त्याला फक्त ऊन लागत असतं. आणि तपासायला आलेला माझ्यासारखा कुणी त्याच्याच हातचा चहा पीत असतो.

चहा संपवून मी तपासणीचा फॉर्म काढला. रॅम्प आहे का? आहे. वापरात आहे का?

सुनंदा तिसऱ्या पायरीवर दम खात माझ्याकडे बघत होती.

मी लिहिलं, "होय. रोज."